चहात बुडवलेला धागा

आमच्या घरी मुलांचे वाढदिवस होत नसत, बुद्धपौर्णिमा व्हायची, आणि तोच सगळ्यांचा वाढदिवस. आदल्या दुपारपासून खिरीचं दूध आटायला लागायचं. आई कढईपाशी बसून पळी फिरवत राहायची, बाहेरच्या दोरीवर आमचे पांढरे फ्रॉक नीळ देऊन वाळत असायचे, आणि लखनौचा तो उन्हाळी गरम वारा दाराचा पडदा उचलून आत घुसायचा. रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांमध्ये चारबाग स्टेशनच्या घोषणा अर्ध्यामुर्ध्या ऐकू यायच्या. कोणती गाडी हे कळायचं, कोणत्या फलाटावर हे कळायच्या आत आवाज विरायचा. बाबा तिथूनच जवळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. एरवी त्यांच्या बोटांना कायम ग्रीसचा वास. पण त्या दिवशी ते हात साबणाने दोनदा धुवायचे, आणि मग सुताची गुंडी घेऊन खाटेवर बसायचे. सुताचे चार पदर करायचे, मांडीवर घासून पीळ द्यायचा, आणि मुलामागे एक असे धागे दाराच्या कडीला टांगून ठेवायचे.

परित्राणाचा, म्हणजे रक्षणाचा, पांढरा धागा मनगटावर बांधायची रीत आपल्याकडे आहेच. बाबांनी तिला स्वतःचं शेपूट जोडलं होतं. पौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाली की कॉलनीतली भंडारा-नागपूरकडची चार-पाच घरं आमच्या अंगणात बसलेली असायची, आणि एकेका पोराने पुढे येऊन, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हात जोडून, आपलं ध्येय मोठ्याने सांगायचं. सांगून सुटका नसे. बाबा विचारायचे, "आणि त्यासाठी उद्या सकाळी काय करशील?" इथे पोरं गडबडायची. मेश्रामकाकांच्या मुलाने एकदा सांगितलं की तो देशाचा मोठा अधिकारी होणार. उद्या सकाळी काय करणार, असं विचारत विचारत बाबांनी त्याला "उद्या सकाळी आईने हाक मारायच्या आत उठीन" इथपर्यंत खाली आणलं आणि तेवढ्याचाच धागा बांधला. "गाडीचा डबा एकदम उभा नाही राहत बाप्पा," ते म्हणायचे. "आधी चाकं, मंग सांगाडा, मंग बाकडे. रंग शेवटी." हे त्यांचं कारखान्यातलं शहाणपण होतं, आणि आजही मला त्यात खोट दिसत नाही.

ध्येय पूर्ण झालं की धागा निघायचा. तो आपण तोडायचा नाही. रविवारी वंदनेनंतर बाबा आईची शिवणाची कात्री घ्यायचे, मनगट आपल्या गुडघ्यावर ठेवून धागा कापायचे, आणि विचारायचे, "आता पुढचं काय?" मलिहाबादची दशहरी उतरली असेल तर बादलीत भिजत घातलेल्या आंब्यांतला पहिला आंबा धागा निघालेल्याचा. एरवी आमच्या घरात पहिलं काही मिळत नसे. पहिली पोळी बाबांच्या डब्यात जायची, नवं पुस्तक ताईचं व्हायचं. म्हणून त्या आंब्यासाठी मी सायकल शिकले, गुडघे फोडून घेतले, आणि एका वर्षी मराठी वर्तमानपत्राचं अख्खं पान न अडखळता वाचायचं ध्येय घेऊन नागपूरहून आलेल्या शिळ्या अंकांचा फडशा पाडला. आम्ही पोरं आपसात जास्त करून हिंदीच बोलायचो, त्यामुळे हे सायकलीपेक्षा अवघड गेलं. शेजारच्या आंटी एकदा माझं मनगट धरून आईला म्हणाल्या, "ये कौन से मंदिर का है, बहनजी?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंदिर का नहीं है. साइकिल का है."

एकदा एक भन्तेजी कॉलनीत आले होते. त्यांनी बाबांचा हा उद्योग पाहिला आणि हसून म्हणाले, "भाई, यह तो रक्षा का सूत्र है. आपने इसे हाजिरी का बना दिया." बाबांनी वाकून नमस्कार केला आणि ऐकलं नाही. त्याचं कारण होतं. भन्तेजी गेल्यावर आईशी बोलताना ते म्हणाले ते मी ऐकलं आहे. "माह्या बापाले जन्मात कोणी विचारलं नाही, तुले काय व्हायचं हाय. मलेही नाही विचारलं. माह्या पोरीले मी चार माणसात विचारीन." बाबांवर मी आयुष्यभर या ना त्या कारणाने रागावत आले, पण हे वाक्य आठवलं की माझा राग निम्मा होतो. निम्माच.

माझी थोरली बहीण संघमित्रा. मी तिला ताई म्हणत असे, बाकी सगळे मित्रा म्हणत. उंच, शांत, काम करताना गुणगुणायची सवय असलेली, आणि बाबांच्या या धाग्याच्या शाळेतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिचा धागा कधी पावसाळ्यापलीकडे गेला नाही. मग एका पौर्णिमेला बाबा म्हणाले, "मित्रा, तू लहान ध्येयं लय केली. आता मोठं सांग." ताईने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डॉक्टर होईन." अंगणात टाळ्या वाजल्या. उद्या सकाळी काय करशील, याचंही तिच्याकडे उत्तर होतं. पाचला उठीन, विज्ञानाचा पहिला धडा. बाबांनी त्या दिवशी धागा बांधताना जास्तच वेळ लावला. त्यांची गाठ वेगळी असायची, कारखान्यात ओझी उचलताना दोर बांधतात तशी चपटी, टोकं आत वळवलेली. ती सुटत नसे, टोचतही नसे.

त्यानंतरची काही वर्षं आमचं घर ताईच्या अभ्यासाभोवती चाललं. रेडिओ बंद. आई वडाभातासाठी डाळ वाटायची ती अंगणात जाऊन, पाट्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. नागपूरची सुकट भाजली की तिच्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेत, पण ताईला आवडते म्हणून परीक्षेच्या आधी ती भाजली जायचीच. ताई लसूण सोलत सोलत हाडांची नावं म्हणायची. मी ऐकून ऐकून पाठ केली होती, आजही येतात, कशाला उपयोगी पडत नाहीत. प्रवेश परीक्षेत ती पहिल्यांदा थोडक्यात राहिली. बाबा म्हणाले, "हरकत नाही. ध्येय खाली आणाचं नाही, पायऱ्या वाढवाच्या." दुसऱ्या वर्षी निकाल वर्तमानपत्रात यायचा होता. बाबा पहाटेच्या गाडीने येणारा अंक घ्यायला चारबागला गेले आणि परत आले ते भाजीची पिशवी घेऊन. दुधी, टोमॅटो, कोथिंबीर. सगळं काढून ठेवल्यावर पिशवीच्या तळाशी घडी केलेला पेपर होता. ताईने तो उघडलाच नाही. बाबांनी भाजी आणली यावरूनच तिला कळलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तिने आम्हाला न सांगता नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी मुलाखत दिली, झाशीला, आणि तिची निवड झाली. मला वाटतं, त्या घरात कुणी इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ती मला मोरीत ओढून घेऊन गेली आणि तिथे कुजबुजत सांगितलं, "वैशू, मेरा हो गया." रविवारी वंदना झाल्यावर ती आपण होऊन बाबांसमोर बसली, कात्री त्यांच्यापुढे ठेवली आणि मनगट त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. बादलीत आंबे होते. आई दारात उभी होती.

"बाबा, हा काढा आता. दुसरा बांधा. मले नर्सच व्हायचं आहे. हे मी नाइलाजानं नाही म्हणत."

बाबांनी कात्री उचलली. धागा पार करडा झाला होता. तो त्यांनी बोटाने जरा फिरवून पाहिला, जसा कारखान्यात एखादा नट बघत असतील, आणि कात्री खाली ठेवली.

"हा झाला नाही ना, मित्रा."

"नाही झाला. पण मले आता तो नको."

"जा तू झाशीले. शीक. मी नाही म्हणत नाही. पण हा राहू दे." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, ताईला भांडता आलं असतं. "तू थकली म्हणून मी थकत नाही. मी थांबतो तुझ्यासाठी."

आई म्हणाली, "अवो, पोरगी हात पुढं करून बसली हाये."

"झाल्याबिगर धागा निघत नाही," बाबा म्हणाले. "मंग बाकीच्या पोरांले काय सांगू?"

ताईने हात मागे घेतला. आईने आंबे चिरले, चिरून सगळ्यांना सारखे वाटले. आमच्याकडे आंबा चिरत नसत, दशहरी चोखूनच खायची असते. पण चोखायचा म्हटला तर कुणातरी एकाला पहिला द्यावा लागला असता.

परवा माझ्या नातीच्या शाळेतून एक रंगीत तक्ता आला. मुलांनी आपलं ध्येय लिहायचं, पायऱ्या लिहायच्या, दर आठवड्याला एक चांदणी चिकटवायची. त्यातलं सगळं मला पाठ होतं, बाबांनी चांदणीशिवाय तेच केलं होतं. नातीने विचारलं, "आजी, और पूरा नहीं हुआ तो?" मी म्हटलं, "तो काट देंगे, और दूसरा बाँधेंगे." तिला कळलं नाही. त्या तक्त्यात बांधण्यासारखं काही नव्हतंच. पण मला बरं वाटलं की प्रश्न निदान तिला पडला. आमच्या अंगणात तो कुणी विचारला नव्हता.

ताई झाशीला गेली. दिवाळीच्या सुमाराला पहिली सुट्टी मिळाली तेव्हा तिला आणायला मी एकटी चारबागला गेले. गाडीतून उतरली ती निराळीच, केस घट्ट बांधलेले, चालणं भरभर. मी तिची पिशवी घेतली आणि बाहेर निघाले, तर म्हणाली, "रुक, चाय पीते हैं." चहा घरी पाच मिनिटांवर होता. ती बाकावर बसली, कुल्हडमधला अर्धा चहा प्यायली, आणि पर्समधून कोऱ्या पांढऱ्या सुताचा एक तुकडा काढून उरलेल्या चहात बुडवला. मी बघतच राहिले. तिने तो पिळला, बाकाच्या लोखंडी पायावर घासला, पुन्हा बुडवला. मग मनगट माझ्यापुढे केलं. "बाँध दे."

"बाबांचा कुठे गेला?"

"पहिल्याच दिवशी मेट्रनने कापला. वॉर्डमध्ये हाताला काही चालत नाही, घड्याळसुद्धा नाही. लाइन में खड़ा किया, कैंची चलाई, बालटी में. एका सेकंदात झालं, वैशू. मी पाच वर्षं घालून होते."

"मग आता कशाला बांधतेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी फार लहान आहे. "रिकामं मनगट दिसलं तर बाबांना वाटेल मी सोडून दिलं. त्यांनी अजून नाही सोडलेलं. तुला दिसत नाही का?"

मी धागा बांधला. मला येत होती ती साधी गाठ, दोनदा मारलेली, टोकं बाहेर राहिलेली. घरी गेल्यावर बाबांनी तिची विचारपूस केली, जेवताना त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली आणि तिथून वरणाकडे. आम्हाला वाटलं, निभावलं.

मग ते तसंच चालू राहिलं. ताईला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला, ती वॉर्डची सिस्टर झाली, नंतर मेट्रन झाली. डॉक्टर तिला विचारून औषधाची मात्रा ठरवतात असं तिचा नवरा कौतुकाने सांगायचा. आणि माहेरी येताना चारबागला, त्याच नाहीतर दुसऱ्या बाकावर, चहा आणि धागा. नेहमीच मी बांधायला नसायचे, तेव्हा ती दातांनी ओढून स्वतः बांधायची. इकडे बाबांना कुणी विचारलं, "बड़ी वाली क्या करती है?" तर ते म्हणायचे, "झाशी के अस्पताल में है. तैयारी कर रही है." पहिली काही वर्षं लोकांनी ते खरं मानलं, पुढे लोक गप्प बसायला शिकले. मी एकदा भडकून म्हटलं, "बाबा, तिच्या हाताखाली तीस पोरी शिकतात, कसली तयारी?" ते म्हणाले, "तुले नाही समजत." ताईला मी हे कधी सांगितलं नाही, पण तिला ठाऊक होतं. माहेरी आली की ती कामाबद्दल एक अक्षर बोलायची नाही. जी बाई तिकडे अख्खा वॉर्ड चालवायची ती इथे नापास झालेल्या मुलीसारखी आईच्या मागे मागे राहायची. मला त्याचंच सगळ्यांत वाईट वाटतं, अजूनही.

बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा हिवाळा सरत आला होता. रजा घेऊन ताई आली, आणि या वेळी चारबागहून सरळ दवाखान्यात आली. घाईत धागा राहिला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. दुपारची वेळ होती, बाबांच्या उजव्या हाताची शीर सुजली होती आणि सलाइन डाव्या हाताला लावायचं होतं. तिथली नर्स नवी होती, ताईने तिला हळूच बाजूला केलं. डाव्या हातात बाबांचं जुनं घड्याळ होतं, रुंद पट्ट्याचं. झोपतानाही ते काढत नसत, आम्ही त्याला म्हातारपणाची सवय समजायचो. ताईने पट्टा सोडला. खाली धागा होता. चार पदरी, घामाने काळा पडलेला, कातडीत रुतलेला.

"तो राहू दे," बाबा म्हणाले.

ताईने घड्याळ उशाशी ठेवलं. "कशाचा आहे, बाबा?"

"तुझाच. तू झाशीले गेली त्या दिवशी बांधला. मित्राले डॉक्टर करीन म्हणून." ते धापा टाकत बोलत होते. "सूत किती टिकते? बदलत आलो मधामधात. सांगितलं होतं ना, थांबतो."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ताई त्यांचा हात धरून खाली बसली. "बाबा, माझा तर पहिल्याच दिवशी कापला होता त्यांनी. मी चारबागला बांधून यायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मालूम हाय. गाठ माझी नव्हती."

"मग बोलला काऊन नाही तुम्ही?"

बाबांनी डोळे मिटले होते. तसेच म्हणाले, "मले वाटलं, पोरगी आपल्या हातानं बांधून येते. म्हणजे तिले अजून व्हायचंच हाय. मंग मी कसा सोडून देऊ?"

ताई रडली नाही. मी रडले, मला आवरलं नाही. ती त्यांच्यासाठी बांधत होती आणि ते तिच्यासाठी. एका शब्दाने सुटलं असतं, आणि तो शब्द काढायला दोघंही एकमेकांना फार जपत होते. चार माणसांत ध्येय कसं सांगायचं हे आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. चार भिंतींत "आता नको" कसं म्हणायचं, ते ताईने एकदा करून पाहिलं, आणि त्याचं काय झालं हे मी वर लिहिलं आहे.

ताईने नर्सकडून कात्री मागून घेतली. बाबांचं मनगट उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवलं, अगदी त्यांच्यासारखं.

"बाबा, मी झाले. जे व्हायचं होतं ते झाले मी. कधीच. आता काढते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या उघड्या मनगटाकडे. हळूच मान डोलावली. तिने धागा कापला, जागा पुसली, आणि पहिल्याच प्रयत्नात सुई शिरेत बसवली. बाबा बघत होते. तिला काम करताना त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. "हात हलका हाय तुझा," ते म्हणाले. थोड्या वेळाने मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "यंदा पहिला आंबा मित्राचा."

आंबे यायला तेव्हा अवकाश होता, मलिहाबादला नुकताच मोहोर धरला होता. बाबा त्याच आठवड्यात गेले.

जूनमध्ये मी मलिहाबादला जाऊन पेटी घेऊन आले. ताई झाशीहून आली, रिकाम्या मनगटाने, सरळ घरी. आंबे आईनेच बादलीत घातले, गार झाल्यावर वरचा एक काढला, पदराला पुसला, देठाकडचा चीक पिळून काढला आणि ताईच्या हातात दिला. ताई तो धरून बसली. रस मनगटावर ओघळून कोपरापर्यंत आला तरी ती चोखेना.

"खाय नं पोरी," आई म्हणाली. "आता पुढचं काय, हे विचाराले कोणी नाही."